मागच्या सीटवरून

१४ जानेवारी

ताई,

वर ‘प्रभूमध्ये सलाम’ लिहिलं तर तू तिथेच कागद फाडशील, म्हणून नुसता सलाम. माझ्याकडून. तेवढा तरी घे.

फोन तू उचलत नाहीस. सकाळी करून पाहिला, संध्याकाळी करून पाहिला, तुझ्या ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत करून पाहिला. शेवटी म्हटलं, पत्रच लिहावं. बंद पाकीट हातात पडल्यावर तुला राहवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आईची पत्रंसुद्धा तू किटलीच्या वाफेवर धरून उघडायचीस आणि सापडलो की ओरडा मला बसायचा.

तर बातमी अशी, की मला दिवस गेले आहेत.

हसून घे. मीही हसले, पण जरा उशिरा. बेचाळिशी गाठली, थोरला कॉलेजात, धाकट्याला मिसरूड फुटलंय आणि आई बाळंतपणाच्या तयारीत. मी तर पाळी जायचं वय आलं असं समजून निवांत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, “नीट बघा, दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट असेल.” त्या म्हणाल्या, “अभिनंदन करू की धीर देऊ, ते आधी सांगा.” बाई मला आवडल्या.

आमचे हे दुकानात कुणाच्या तरी चष्म्याची दांडी बसवत होते. मी सांगितल्यावर त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चुकीचा नंबर सांगते आहे. मग एकच शब्द बोलले, “नक्की?” मी म्हटलं, नक्की. त्यावर गिऱ्हाइकाला तसंच बसवून ते आतल्या खोलीत गेले आणि बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाले, धूळ गेली.

धाकटा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, “मित्रांना काय सांगू?” थोरला म्हणाला, “सांग, आईला उशिरा सुचलं.” मग सगळेच हसलो.

मी अजून रोज गाडीवर जाते. तुझं सगळं बदललं असेल, माझं तेच आहे. शिकणारा स्टिअरिंगवर, मी त्याच्या शेजारी, आणि माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक. लोकांना वाटतं, गाडी शिकणारा चालवतो. आम्हा शिकवणाऱ्यांना माहीत असतं की गाडी त्या जादा ब्रेकवर चालते. सवय इतकी जडली आहे की ह्यांच्या स्कूटरवर मागे बसले तरी माझा उजवा पाय हवेत काहीतरी दाबत असतो.

ताई, हे तुला सांगावं की नाही यावर मी पुष्कळ घोळ घातला. तुझा तान्हा, तुझे राजे, गेल्याला आता सात वर्षं होतील. त्यानंतर आपल्या माणसांनी तुझ्यासमोर ‘बाळ’ हा शब्द काढला नाही आणि मग तूही आमच्यासमोर यायचं सोडलंस. पण चर्चच्या मंडळीतल्या बायकांकडून उडत उडत तुझ्या कानावर गेलं असतं, तर तू मला कधीच माफ केलं नसतंस. म्हणून घरच्यांनंतर पहिली तुला.

तुझीच,
भोंगा

(माझ्या आवाजावरून हे नाव तू ठेवलंस. आता या घरात ते मीच जपते आहे.)


२६ मार्च

ताई,

मागच्या पत्राला उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे वाचलंस. मी एवढ्यावर खूश होणारी बाई आहे.

आज सोनोग्राफी झाली. ती करणारी मुलगी बडबडी होती. हे बघा डोकं, हे बघा पाय, हे बघा अंगठा चोखतंय. मग ती गप्प झाली. गप्प बसलेल्या माणसाशेजारी मी रोज बसते, त्यामुळे गप्प बसण्याचे प्रकार मला कळतात. ही काही चौकात गोंधळलेल्या माणसाची शांतता नव्हती. ही समोर काहीतरी दिसलेल्या माणसाची होती.

बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या उलट्या बसल्या आहेत. इकडची तिकडे, तिकडची इकडे. पोटात आहे तोवर चालतं, माझ्या जिवावर. बाहेर आल्यावर नाही चालणार. पहिल्या काही दिवसांत छाती उघडून त्या वाहिन्या कापून पुन्हा जोडायच्या. अक्रोडाएवढ्या हृदयात. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. बरी होणारी मुलं पुष्कळ आहेत, न होणारीही आहेत, आणि माझ्या वयामुळे आणखीही काही निघू शकतं, असं त्या सरळ म्हणाल्या. मग तेवढ्याच सरळपणे म्हणाल्या, “पुढे न जाण्याचाही एक मार्ग आहे. तो सांगणं माझं काम आहे.”

मी म्हटलं, “तुम्ही तुमचं काम केलंत. आता मी माझं करते. हे बाळ राहील.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, “मग आपण त्याच्या बाजूने कामाला लागू.” ताई, बाईंवर राग धरू नकोस. तुझ्या वेळच्या त्या डॉक्टरसारख्या त्या नाहीत. त्यांनी माझा हात धरून हे सांगितलं.

पार्किंगमध्ये हे म्हणाले, “आपण बरोबर करतोय ना?” मी भडकले. म्हटलं, तुम्हाला पटत नसेल तर आत्ता बोला. ते म्हणाले, “पटतंय. भीतीही वाटतेय. दोन्ही एकदम वाटू शकतं की नाही?” मी गाडी सुरू केली.

मी घाबरलेली नाही. देव आहे, डॉक्टर आहेत, माझा आवाज आहे. तुला कळवावं म्हणून कळवलं.

भोंगा


१९ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी नुसती त्याच्याकडेच बघत बसले. मग वाचलं.

“करू नकोस. मी केलं ते करू नकोस. त्याला जन्माला घालून मी त्याला फक्त दुखणं दिलं. देवाचं ऐकते आहे असं वाटत होतं तेव्हा मला. सगळा त्रास त्याने सोसला.”

पाच वाक्यं. मी ती इतक्यांदा वाचली आहेत की आता डोळे मिटूनही दिसतात. उत्तर द्यायला एवढे दिवस लागले, कारण पहिली दोन पत्रं मी चिडून लिहिली आणि ह्यांनी ती वाचून टराटरा फाडली. म्हणाले, बहिणीला लिहितेस की वाहतुकीच्या पोलिसाला?

तर आता शांतपणे लिहिते. तुझ्या राजेंचं हृदय अर्धंच घडलेलं होतं. त्याला तेव्हा इथे काही उपाय नव्हता. तुला ते आधीच सांगितलं होतं, मार्गही सांगितला होता, आणि तू नाही म्हणालीस. आठवडाही पुरा न होता तो गेला. तू याचा हिशोब असा मांडलास की तू त्याला दुखणं दिलंस.

पण ताई, मी त्या खोलीत होते. तू रडून रडून झोपलीस की मी बसायचे. नळ्या होत्या, सुया होत्या, मी काही त्या पुसून टाकत नाही. पण तू ‘राजे, उठता का?’ म्हणालीस की तो मान वळवायचा. माझ्या आवाजाला नाही वळवायचा. मी मुद्दाम मोठ्याने करून पाहिलं, भोंगा असून. तुझ्याच आवाजाला. आणि त्याला शिंक आली होती ते आठवतं? स्वतःच्या शिंकेने स्वतःच दचकला आणि आपल्याकडे असं बघितलं की आपणच काहीतरी केलं. आपण दोघी इतक्या हसलो की नर्स धावत आली. तू हसलीस, ताई. पोट धरून हसलीस. तो दिवस तू कुठल्या रकान्यात मांडलास?

फक्त दुखणं दिलंस म्हणतेस. तू त्याला त्याची आई दिलीस. आवाज ओळखण्याइतका वेळ दिलास.

तू म्हणशील, हे तुझं धर्माचं वेड बोलतंय. असेलही. पण पोटातलं बाळ हे बाळच, असं मी मानते ते कोणी सांगितलं म्हणून नाही. शिकणाऱ्याने क्लच सोडताना गाडीला गचका दिला की हे आतून लाथ मारतं. गाडी नीट निघाली की गप्प. माझ्याइतकंच चिडकं आहे ते. त्याची किंमत ते किती टिकेल यावर ठरवायची असेल, तर माझी तर रोजच उतरते आहे. बेचाळीस संपत आलं, गुडघे बोलायला लागले. येशूने कोणाला जवळ घेताना, किती वर्षं टिकणार तुम्ही, असं विचारल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. दफनाच्या वेळी चर्चच्या त्या जुन्या पाळकांनी म्हटलं, देवाला आपल्या बागेसाठी एक कळी हवी होती. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, “मग त्याने ती आपली आपण लावावी.” आणि निघून गेलीस. मी मागोमाग आले नाही, हे तुला लागलं. आई तसं म्हणाली होती. मी बसून राहिले, कारण मला त्यांना गाठायचं होतं. सगळे गेल्यावर मी त्यांना मागच्या खोलीत गाठलं आणि म्हटलं, पुन्हा कुठल्याही आईला हे वाक्य ऐकवलंत तर पुढच्या रविवारी तुमच्या प्रवचनात मी उभी राहून बोलेन, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. त्यांनी पुन्हा ते वाक्य कधी वापरलं नाही. तू बाहेर जाऊन भांडलीस, मी आत राहून भांडले. बाजू एकच होती, ताई.

उत्तर दे किंवा देऊ नकोस. वाच मात्र.

भोंगा


३० जून

ताई,

पोट आता स्टिअरिंगला लागतं, म्हणून गाडी वळवून दाखवणं बंद. शेजारच्या सीटवर बसून तोंडाने शिकवते. सीट पार मागे सरकवली आहे, त्यामुळे माझ्या ब्रेकपर्यंत पाय पोचवायला मला जवळजवळ आडवं व्हावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटत असेल, बाई झोपून शिकवते.

शिकायला सध्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई येतात. साठीच्या, एकट्या, हातात कायम पांढरे मोजे. त्या दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाहीत. मोकळा रस्ता असो, उतार असो, दुसरा गिअर. मी म्हणते, “बाई, तिसरा टाका, इंजिन रडतंय.” त्या म्हणतात, “मॅडम, त्याला रडू दे, मला रडवू नका.” मुलांनी त्यांचं नावच ‘सेकंड’ ठेवलंय.

रविवारी महिला मंडळात माझ्यासाठी प्रार्थना झाली. मनापासून झाली, तिथवर बरं वाटलं. मग एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, आमच्या या भगिनीची साक्ष बघा, नाहीतर आजकालच्या बायका. पुढे त्या बाळ न ठेवणाऱ्या बायकांबद्दल जे बोलल्या, ते मी इथे लिहीत नाही. माझं डोकं फिरलं. मी उठले, म्हणजे दोघींनी धरून मला उठवलं, आणि म्हटलं, “माझा वापर करून कोणाला दगड मारू नका. ज्या बाईने असा निर्णय घेतला तिच्या घरी शेवटचं कोण गेलं होतं? तिला भीती वाटत होती तेव्हा तिच्याजवळ कोण बसलं? माझ्या बहिणीने बाळ ठेवलं, तिच्या घरी तरी किती जणी गेलात? बाळ जन्माला घाला असं सांगायचं असेल, तर लंगोट धुवायलाही यायचं. नसेल जमत तर तोंडाला कुलूप घालायचं.”

मला वाटलं, आता मला मंडळातून काढणार. पण नव्या पाळकसाहेबांची बायको, तरुण आहे, ती सगळ्यांच्या आधी हात वर करून म्हणाली, “मी मंगळवारी येईन. लंगोट धुवायला.” मग बुधवार कोणी, गुरुवार कोणी. ती बोलणारी बाई शेवटी म्हणाली, शनिवार मला द्या. ताई, मी जिंकले! आणि जिंकल्यावर काय केलं, तर सगळ्यांसमोर भोकाड पसरलं.

आता खरं सांगते. मार्चमध्ये तुला लिहिलं की मी घाबरलेली नाही, ती थाप होती. गाडी धुवायची ती यंत्रं असतात ना, गाडी आत घालायची, काचा बंद, चारी बाजूंनी फेस आणि ब्रश फिरतात? मी दर आठवड्याला तिथे जाते. आत कोणाला काही दिसत नाही, ऐकू येत नाही. तेवढा वेळ मी मोठमोठ्याने रडते, देवाशी भांडते, त्याला नको ते बोलते. दार उघडलं की डोळे पुसून बाहेर. माझ्याइतकी चकचकीत गाडी या भागात दुसऱ्या कोणत्या ड्रायव्हिंग स्कूलकडे नाही.

मी देवाला सांगते, सगळं तुझ्या हातात दिलंय. आणि सांगता सांगता माझा पाय ब्रेक शोधत असतो. एवढं कोणाला बोलले नाही. तुला बोलले.

भोंगा


७ ऑगस्ट

ताई,

मुलगी झाली. निळी पडलेली होती आणि ओरडत होती. दोन्ही एकदम. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आवाजावरून आईला ओळखलं.”

ती काचेच्या पेटीत आहे. औषधाच्या जोरावर रक्ताची एक वाट उघडी ठेवली आहे, ऑपरेशन होईपर्यंत. धाकट्याने तिचं नाव ‘बॉस’ ठेवलंय, कारण सगळे डॉक्टर तिच्याभोवती हात बांधून उभे असतात. मित्रांना काय सांगू विचारणारा हा मुलगा आता मित्रांना काचेपाशी आणून दाखवतो.

पण ती आली कशी ते ऐक. तारीख ठरली होती, बॅग भरली होती, पण आपल्या घरात कोण ठरल्या वेळी आलंय? मी घरी बसायचं होतं. नाही बसले. सेकंडबाईंची परीक्षा जवळ आली होती, म्हटलं शेवटचा एक धडा. आम्ही शहराबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर होतो आणि माझं पाणी गेलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर तिला येऊन जायला जेवढा वेळ लागणार त्याच्या निम्म्यात आम्ही स्वतः पोचलो असतो. मी स्टिअरिंगमागे मावत नव्हते. ग्रंथपालबाईंनी मोजे वर ओढले आणि म्हणाल्या, “सांगा कुठे वळू.”

निघालो. कळ आली आणि गाडी खाडकन थांबली. बंद. मागून हॉर्न. बाई पांढऱ्या पडल्या, “मॅडम, काय चुकलं माझं?” मी म्हटलं, काही नाही, परत सुरू करा. सुरू केली, निघालो, पुढची कळ आली, गाडी पुन्हा खाडकन बंद. भर रस्त्यात. मागचा ट्रकवाला खाली उतरला. मी ओरडते आहे, “क्लच! क्लच!” तिसऱ्या वेळी तेच झालं तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, “ब्रेक तुम्ही दाबताय.”

आणि खरंच, ताई. कळ आली की माझा पाय ताठ होत होता, आणि ताठ झालेला पाय जायचा कुठे, तर थेट त्या ब्रेकवर. आयुष्यभराची सवय. मी स्वतःच स्वतःच्या मुलीची वाट अडवून बसले होते आणि खापर त्या बिचारीवर फोडत होते.

“मागे बसा,” बाई म्हणाल्या. मी म्हटलं, “मी? माझ्या गाडीत? मागे?” त्या म्हणाल्या, “तिथे तुम्हाला दाबायला काही नाही.” ट्रकवाल्याने मला धरून मागे बसवलं. या गाडीच्या मागच्या सीटवर मी कधी बसलेच नव्हते. तिथून रस्ता दिसत नाही, फक्त चालवणाऱ्याचं डोकं दिसतं. बाईंचा अंबाडा आणि त्यातली वाकडी पिन.

मी ओरडायला लागले, “गिअर, बाई, गिअर!” त्या म्हणाल्या, “शांतता राखा.” खास वाचनालयातल्या आवाजात. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या सांगण्यावरून गप्प बसले. आणि मग इंजिनाचा आवाज बदलला. तिसरा पडला होता. थोड्याच वेळात चौथा. खिडकीतून दुकानं पळताना दिसत होती आणि मी मागे आडवी, पायाला दाबायला काही नाही, हाताला धरायला काही नाही. मी मोठ्याने म्हटलं, “प्रभू, घे. आता खरोखरच घे. माझ्याकडे ब्रेक नाही.” पुढून बाई म्हणाल्या, “मला काही म्हणालात?” मी म्हटलं, नाही, तुम्ही चालवा.

तेव्हापासून ती भीती गेली आहे. दुःखाची भीती नव्हे, ते होईल तेव्हा होईलच. पण सगळं मीच धरून ठेवलंय, मी सोडलं तर पडेल, ही जी भीती होती ना, ती त्या सीटवर राहिली. मुलगी राहिली तर देवाची, गेली तर देवाची, आणि दोन्ही वेळी माझी. हे मी आता थाप न मारता लिहू शकते.

परवा ऑपरेशन आहे. ये म्हणत नाही, येऊ नकोसही म्हणत नाही. तुझ्यासाठी हे हॉस्पिटल काय आहे, मला माहीत आहे.

भोंगा


९ सप्टेंबर

ताई,

तू काल सकाळी गेलीस आणि लगेच पत्र, म्हणून हसू नकोस. महिनाभर तू शेजारी असताना जे बोलायला पाहिजे होतं ते मला बोलताच आलं नाही. मला बोलता आलं नाही, असं याआधी कधी झालं होतं सांग.

आधी बॉसची खबर. तिने सकाळी बाटली संपवली आणि वर जांभई दिली. वजन वाढतंय. ओठ गुलाबी आहेत, इतके की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठ बघा म्हणते. छातीवरची शिवण सुकली. सर्जन म्हणाले, “आता हिचं हृदय विसरून जा, हिच्या आवाजाचं काहीतरी करा.” परवा घरी सोडणार. मंगळवारचे लंगोट ठरलेले आहेतच! आणि ग्रंथपालबाई परीक्षा पास झाल्या. परीक्षकाने त्यांना वेग कमी करायला सांगितलं म्हणे.

ह्यांनी तुला दुकानाच्या फोनवरून फोन केला होता, हे मला तू आल्यावर कळलं. अनोळखी नंबर म्हणून तू उचललास. त्यांना विचारलं, काय बोललात? तर म्हणे, एवढंच म्हटलं की ताई, ती एकटी घाबरते आहे आणि मला धीर देता येत नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा माणूस एवढं लांब वाक्य बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

त्या कॉरिडॉरमध्ये तू बॅग घेऊन उभी होतीस. केस पांढरे झालेत तुझे. तू म्हणालीस, “मी आत येणार नाही. काचेतून बघणार नाही. फक्त तुझ्याजवळ बसेन.” मी म्हटलं, बस. ऑपरेशन चालू असताना मी प्रार्थना करत होते आणि तू म्हणालीस, “तू कर. तुझ्या देवाशी माझं जमलेलं नाही अजून. पण मी उठून जाणार नाही.” आणि नाही गेलीस. मला तेवढ्यातही आनंदाची उकळी फुटली. आत मुलीची छाती उघडलेली आणि बाहेर मला आनंद, मग हे म्हणाले होते ते खरंच, दोन्ही एकदम वाटू शकतं.

सर्जन बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाले, “चालू झालं. एकदम चालू झालं.” तेव्हा मी कोणाला मिठी मारली मला आठवत नाही. धाकटा म्हणतो, सफाईवाल्या मावशींना.

मग पुढचे कितीतरी दिवस तू काचेकडे पाठ करून बसायचीस. आणि त्या दुपारी मला जेवायला पाठवून तू म्हणालीस, “मी आहे इथे.” मी परत आले तर खुर्ची रिकामी. तू आत होतीस. अंगावर तो हिरवा झगा, बॉस तुझ्या हातात, नळ्यांसकट. एक हात मानेखाली, एक पाठीखाली, नळीला धक्का न लावता. असं मूल धरणं कोणी पुस्तकात वाचून शिकत नाही. मी दारातच थांबले. नवी नर्स होती, बदलीवर आलेली, तिला आपलं काहीच माहीत नव्हतं. ती कौतुकाने म्हणाली, “किती छान धरलंय तुम्ही. आम्हाला शिकवायला लागतं आयांना. तुम्हाला मुलं किती?”

मी पुढे होऊन काहीतरी बडबडणार होते, विषय बदलणार होते, तुला त्या प्रश्नापासून वाचवणार होते. तोंड उघडलंही होतं.

तू मान वरसुद्धा केली नाहीस. बाळाकडेच बघत म्हणालीस, “एक. मुलगा. थोडेच दिवस होता, पण माझा आवाज ओळखायचा.”

ताई, मी सात वर्षं देवाकडे नाही नाही ते मागितलं. तू परत यावंस, तुझा राग जावा, बॉस जगावी. तू हे वाक्य बोलावंस हे मागायचं मला सुचलंच नव्हतं. नर्सने विचारलं, नाव काय होतं त्याचं, आणि तू सांगितलंस, आणि सांगताना हसलीस. मग शिंकेची गोष्ट तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलीस, बॉसला हातात घेऊन. मी दाराबाहेर भिंतीला टेकून ऐकत उभी राहिले, आणि आत यायची मला मुळीच घाई नव्हती.

तुझी
धाकटी